हापूस, ग्लुकोमीटर आणि एका रेणूचा थर

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढलं आहे. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मध्ये मध्ये अडखळलो होतो ते गाळलंय.)



दूध आटायला अजून पाऊण तास लागणार आहे असं स्वयंपाकाच्या बाजूने कळलंय, आणि तेवढा वेळ भरून काढायला मला उभं केलंय. सेक्रेटरी म्हणाले, "भाऊ, पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा." पण आठवणी सांगायला इथे सगळेच तयार आहेत. पहिल्या वर्षीचा टँकर, दुसऱ्या विंगच्या जिन्यात शिरलेली धामण, पहिल्या गणपतीला आरतीच्या मध्यात गेलेली लाईट, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. त्यामुळे मी आज जरा वेगळा विषय घेतो. विषय रसायनशास्त्राचा आहे. घाबरू नका. मी १९७१ सालचा इथल्याच गोगटे कॉलेजचा बी.एस्सी., त्यानंतर छत्तीस वर्षं बँकेत. म्हणजे माझं रसायनशास्त्र इतकं गंजलेलं आहे, की मला समजलं ते तुम्हाला समजेलच.

सुरुवात मात्र माझ्या फजितीपासून करतो. फजिती म्हणतोय, पण त्या रात्री ती फजिती वाटली नव्हती.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. पुण्याहून नातवंडं आलेली. आमरसाचा बेत होता आणि आंबे पिळायचं काम परंपरेने माझ्याकडे. पेटीतले दीड-दोन डझन हापूस निवडून, देठ काढून, सालं सोलून पिळले. हात पंचाला पुसले. संध्याकाळची साखर तपासायची वेळ झाली होती, म्हणून तसाच बसलो, बोटाला स्पिरिटचा बोळा फिरवला, टोचलं, पट्टी लावली. आकडा आला ३१८. माझा त्या वेळचा नेहमीचा आकडा दीडशेच्या आसपास. छातीत धस्स झालं. आता डॉक्टरांना फोन करायचा की नाही? रविवार होता, म्हटलं कशाला त्रास द्या. बँकेत आयुष्यभर आकड्यावर विश्वास ठेवायची सवय. स्वतःच्या अकलेने नेहमीपेक्षा सहा युनिट इन्सुलिन जास्त घेतलं, आणि घाबरून जेवणही अर्धंच केलं. आमरसाला तर हातसुद्धा लावला नाही.

रात्री दीड वाजता घामाने अंथरूण ओलं झालं. हातपाय थरथरत होते, आमच्या सौ.ना हाक मारायची तर जीभ वळेना. त्यांनी समोरच्या फ्लॅटचं दार वाजवलं. त्या घरातली मुलगी नर्सिंग शिकलेली आहे, ती झोपेतून उठून तशीच आली. तिने आधी माझं बोट पाण्याने धुतलं, कोरडं केलं, मग टोचलं. आकडा ५२. साखरपाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, पुन्हा पाजलं. मी जरा बोलायला लागल्यावर तिने एकच प्रश्न विचारला. "आजोबा, संध्याकाळी तपासताना हात धुतले होते का?"

मी म्हटलं, "स्पिरिट लावलं होतं की!"

ती म्हणाली, "स्पिरिटने आंबा जात नाही."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. आणि पुढचे कित्येक दिवस डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. ते एवढंसं यंत्र आत नेमकं मोजतं तरी काय, की त्याला माझ्या रक्तातली साखर आणि माझ्या बोटावरचा हापूस यातला फरक कळू नये? वाचायला सुरुवात केली. नातवाने मोबाईलवर शोधून दिलं, थोडं ग्रंथालयात मिळालं, थोडं जुन्या वह्यांमधून. वाचता वाचता मी ग्लुकोमीटरपासून भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचलो. ते ठिकाण म्हणजे धातूचा पृष्ठभाग, आणि त्यावर बसलेला फक्त एका रेणूइतक्या जाडीचा थर.

आधी यंत्राबद्दल. पट्टीच्या टोकाला अगदी बारीक फट असते, तिच्यातून रक्त आपोआप वर ओढलं जातं. रक्त किती लागतं? आजकाल एका मिलिलीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. आत एक एन्झाईम वाळवून बसवलेलं असतं, ते फक्त ग्लुकोजला धरतं आणि ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूकडून दोन इलेक्ट्रॉन काढून घेतं. हे इलेक्ट्रॉन पट्टीवरच्या धातूच्या किंवा कार्बनच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचले की वीज वाहते. वीज जास्त म्हणजे साखर जास्त. यंत्र साखर 'बघत' नाही. ते काउंटरवर आलेले इलेक्ट्रॉन मोजतं, आमच्या कॅशियरसारखं. नोट कोणाच्या खिशातून आली हे कॅशियर विचारत नाही. हापूसच्या रसातही ग्लुकोज आहे, आणि रक्ताच्या मानाने कितीतरी पटीने दाट. त्या इवल्याशा थेंबात बोटावरच्या रसाचा अंश मिसळला की झालं, त्याचेही इलेक्ट्रॉन माझ्या खात्यावर जमा. जपानमधल्या डॉक्टरांनी २०११ साली हे नीट तपासून प्रसिद्ध केलंय. निरोगी माणसांना संत्रं, द्राक्षं, किवी सोलायला लावली आणि मग त्यांची साखर तपासली. स्पिरिटचा बोळा फिरवूनही आकडे फुगलेलेच आले, आणि साध्या नळाच्या पाण्याने हात धुतल्यावर बरोबर आले. त्यांनी हापूस घेतला नव्हता, ती उणीव मी भरून काढली.

आता खरी गंमत पुढे आहे. ते एन्झाईम म्हणजे एक भलंमोठं प्रथिन, लोकरीच्या गुंड्यासारखं गुंडाळलेलं. ज्या जागी ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन घेतले जातात ती जागा या गुंड्याच्या पोटात खोलवर आहे. इलेक्ट्रॉनला तिथून थेट इलेक्ट्रोडवर येणं जवळजवळ अशक्य. आमच्या शाखेत मॅनेजरची केबिन सगळ्यात आत आणि कॅश काउंटर दारापाशी, मध्ये जायला वाट नाही अशी कल्पना करा. मग व्हाउचर नेणार कोण? शिपाई! पट्टीत असा एक छोटा रेणू घातलेला असतो, जो आत जाऊन इलेक्ट्रॉन घेतो, बाहेर येऊन इलेक्ट्रोडला देतो, आणि पुन्हा आत जातो. बऱ्याच पट्ट्यांत हे शिपायाचं काम पोटॅशियम फेरीसायनाइड करतं. हे नाव वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत लोहाची परीक्षा आम्ही त्यानेच घ्यायचो. चाचणी बरोबर आली की गर्द निळा रंग. माझ्या एका पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर तो निळा डाग लग्न होईपर्यंत टिकून होता. १९८४ साली ऑक्सफर्डच्या मंडळींनी याच कामासाठी फेरोसीन नावाचा दुसरा शिपाई वापरून दाखवला, आणि त्यातूनच पेनाच्या आकाराचं घरगुती ग्लुकोमीटर बाजारात आलं.

पण इलेक्ट्रॉनला एवढं थोडंसं अंतर का जमू नये? वायरमधून तर तो मैलोन्मैल जातो. नेमका हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. त्याचं उत्तर मोजायचं तर धातू आणि इलेक्ट्रॉन देणारा रेणू यांच्यामध्ये हव्या त्या जाडीचं अंतर ठेवता आलं पाहिजे, आणि जाडी ठरवायची ती मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात, म्हणजे नॅनोमीटरमध्ये. एवढी पातळ पट्टी कापणार कोण आणि चिकटवणार कोण?

इथे थोडं मागे जाऊ या. मिरकरवाड्याच्या जेट्टीवर पाण्यावर डिझेलचा तवंग तुम्ही पाहिला असेल. इंद्रधनुष्याचे रंग दिसतात आणि पुढे पसरत पसरत रंगही जातात. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन, तेच ते पतंगवाले, त्यांनी लंडनच्या क्लॅपहॅममधल्या तळ्यावर एक चमचा तेल ओतलं. ते पसरत गेलं आणि अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं. १७७४ साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. अर्धा एकर म्हणजे आपले २० गुंठे. आता मी बँकेतला माणूस, भागाकार केल्याशिवाय राहवत नाही. पाच मिलिलीटर तेल भागिले सुमारे दोन हजार चौरस मीटर, म्हणजे जाडी येते अडीच नॅनोमीटर. तेलाच्या एका रेणूची लांबी साधारण तेवढीच! फ्रँकलिनसाहेबांनी सगळं केलं, फक्त हा भागाकार केला नाही. रेणू मोजायची संधी एका भागाकारापायी हुकली.

दुसरी गोष्ट इथे बसलेल्या वहिनींसाठी. जर्मनीत अॅग्नेस पॉकेल्स नावाची मुलगी होती. कॉलेजात जायला मिळालं नाही, घरी आजारी आईवडिलांची सेवा आणि भांडी घासणं. खरकट्या पाण्यावरच्या तेलकट पडद्याकडे बघून तिने पत्र्याची पन्हळ, एक पट्टी आणि बटण वापरून तो पडदा ढकलून मोजायचं साधन केलं. दहा वर्षं स्वयंपाकघरात प्रयोग चालवले. मग लॉर्ड रॅले या मोठ्या शास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. त्या भल्या माणसाने ते पत्र १८९१ साली 'नेचर' मासिकात छापायला दिलं. पुढे लँगम्युअर यांनी तेच साधन सुधारून वापरलं आणि त्यांना नोबेल मिळालं. पॉकेल्सबाईंना मिळालं नाही. असो.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम झालंय. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, आपण जिला एन.सी.एल. म्हणतो तिथे, १९६० च्या सुमारास डॉ. बिश्वास आणि त्यांचे सहकारी पाण्यावरच्या अशाच एकेरी थरांवर काम करत होते. सहकाऱ्यांत देव, कुलकर्णी, घारपुरे अशी आपल्याकडची नावं दिसतात. उद्देश काय, तर धरणाच्या, तळ्याच्या पाण्यावर रेणूंचा एक पातळ थर पसरायचा म्हणजे उन्हाळ्यात वाफ कमी होईल. दरवर्षी मे महिन्यात टँकर मागवणाऱ्या आपल्या सोसायटीला त्याचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको.

हे झालं पाण्यावर. धातूवर असा थर बसवायची युक्ती १९८३ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत राल्फ नुझो आणि डेव्हिड अलारा यांनी मांडली, आणि त्यांनी धातू निवडला तो सोनं. सोन्याशी माझा संबंध तारणकर्जापुरता. शाखेत सराफ यायचे, कसोटीच्या दगडावर दागिना घासून आम्ल टाकायचे आणि सांगायचे, "साहेब, बावीस आहे." सोनं आम्लाला दाद देत नाही, गंजत नाही, म्हणून तर ते सोनं. पण त्याची एक कमजोरी आहे, गंधक. चांदीचे निरांजन ठेवल्या ठेवल्या काळे पडते ते हवेतल्या गंधकाच्या वाफेमुळे, हे तुम्हाला ठाऊक आहे. सोनं काळं पडत नाही, पण गंधकाचा अणू शेपटीला धरून एखादा लांब रेणू जवळ आला तर सोनं त्याला घट्ट धरून ठेवतं. अशा रेणूंना थायॉल म्हणतात. हे नाव नवीन वाटेल, पण वास ओळखीचा आहे. गॅस गळतो तेव्हा जो घाण वास येतो ना, तो मुद्दाम घातलेल्या थायॉलचाच. मूळ गॅसला वास नसतो.

तर करायचं काय? स्वच्छ सोन्याचा पत्रा घ्यायचा, स्पिरिटसारख्या द्रवात चिमूटभर थायॉल विरघळवायचं, त्यात पत्रा बुडवून रात्रभर ठेवायचा. बस्स. काही मिनिटांत सोनं झाकलं जातं, आणि रात्रभरात रेणू आपले आपण सरळ होतात, गंधकाचं टोक सोन्यात आणि कार्बनची साखळी वर, सगळे एकाच बाजूला थोडे कललेले. वाऱ्यावर एका दिशेने झुकलेलं भातशेत डोळ्यापुढे आणा. कोणी लावणी केलेली नाही, चिखलणी नाही. एकाला एक खेटून रेणू स्वतःच उभे राहतात आणि एक थर भरला की थांबतात, दुसरा थर चढतच नाही, कारण दुसऱ्याला धरायला सोनंच शिल्लक नसतं. आता तिकडे पातेल्यात दुधावर साय धरते आहे, तीही आपोआपच धरते, पण ती जाड, वेडीवाकडी, आणि ढवळणारा दमला की आणखी जाड होते. हा थर मात्र एकच रेणू जाड, आणि जाडी किती हवी ते आपण ठरवायचं. दहा कार्बनचा रेणू घेतला तर एवढी, सोळाचा घेतला तर तेवढी.

हाती ही मोजपट्टी आली आणि मग इलेक्ट्रॉनला विचारता आलं, बाबा रे, तू किती लांब उडी मारतोस?

१९९१ साली बेल प्रयोगशाळेतच ख्रिस्तोफर चिडसी यांनी हा प्रयोग केला. थायॉलच्या साखळीच्या वरच्या टोकाला त्यांनी फेरोसीन बांधलं, म्हणजे आपला तोच शिपाई, पण आता खांबाला बांधलेला. ये-जा बंद. इलेक्ट्रॉन पोहोचवायचा असेल तर साखळीच्या अंगातूनच पलीकडे गेला पाहिजे. ती साखळी म्हणजे मेणाच्याच जातीची, वीज न वाहणारी. तरीही इलेक्ट्रॉन जातो! भिंतीला दार नसताना तो पलीकडे सापडतो, कारण इलेक्ट्रॉन म्हणजे गोटी नव्हे, त्याला लाटेचा स्वभाव आहे, आणि त्या लाटेची थोडी चाहूल भिंतीच्या पलीकडेही लागते. इंग्रजीत याला टनेलिंग म्हणतात. बोगदा कुठेच नसतो, पण करबुडे बोगदा आपल्या जिल्ह्यातलाच, तेव्हा शब्द आपल्याला परका नाही.

मात्र या चाहुलीला मोठी किंमत आहे. साखळीत एकेक कार्बन वाढवला की इलेक्ट्रॉनचा वेग दर खेपेला सुमारे एकतृतीयांशावर येतो. बँकेत काम केलेले इथे आणखी दोघे बसले आहेत, त्यांना मी एका शब्दात सांगतो: घसारा, रिड्युसिंग बॅलन्स पद्धतीने. सुरुवातीला एक लाख असतील तर पहिल्या कार्बननंतर सदतीस हजार, दुसऱ्यानंतर साडेतेरा हजार, पाचव्यानंतर सातशेच्या आत, आणि दहाव्यानंतर हातात उरतात चार-पाच. लाखाचे चार-पाच! आणि हे दहा कार्बन म्हणजे अंतर जेमतेम सव्वा नॅनोमीटर. आता कळलं, एन्झाईमच्या पोटातून इलेक्ट्रॉन थेट का येत नाही ते.

दुसरी एक गोष्ट यात आहे, ती मला फार आवडली. इलेक्ट्रॉनची उडी क्षणात होते, पण उडीआधी भोवतालच्या पाण्याच्या रेणूंना जागा बदलून घ्यावी लागते. दोन्ही बाजूंचा ऊर्जेचा ताळा एका क्षणी जुळला तरच उडी. दोन्ही खात्यांत नोंद तयार नसेल तर रक्कम हलत नाही, उसनवारीला वाव नाही. हे गणित रुडॉल्फ मार्कस यांनी १९५६ सालापासून मांडलं आणि १९९२ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या गणितानुसार विजेचा दाब वाढवला की वेग वाढतो, पण एका हद्दीपर्यंतच, पुढे कितीही रेटा, वेग वाढत नाही. चिडसींच्या सोन्यावरच्या थरात ते तसंच दिसलं. शाखेत वरून कितीही सर्क्युलरं आली तरी एका हद्दीपुढे काम वेगाने होत नाही, हे मी नोबेल नसताना सांगू शकलो असतो.

हे सगळं अमेरिकेतलं झालं. पण मला समाधान वाटलं ते पुन्हा पुण्याचं नाव दिसल्यावर. एन.सी.एल.मध्ये डॉ. मुरली शास्त्री आणि डॉ. विजयमोहनन यांनी सोन्यावरच्या आणि सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवरच्या अशा थरांवर बरंच काम केलं. निर्मल्य चाकी आणि विजयमोहनन यांनी २००२ साली एक आढावा लिहिला, असे थर वापरून साखरेसारख्या गोष्टी ओळखणारे सेन्सर कसे करता येतील यावर. कल्पना अशी की थर नुसता आडपडदा न ठेवता त्याच्या वरच्या टोकाला एन्झाईम नीट बांधायचं, अंतर कमी ठेवायचं, आणि नको त्या पदार्थांना धातूपर्यंत पोहोचूच द्यायचं नाही. इथे एक स्पष्ट करतो, नाहीतर उद्या केमिस्टच्या दुकानात जाऊन कोणी सोन्याची पट्टी मागेल. बाजारातल्या आपल्या पट्ट्या बहुतेक करून असल्या थराच्या नसतात, त्यांत एन्झाईम आणि शिपाई रेणू एकत्र वाळवलेले असतात. स्वस्तात लाखोंनी करायच्या तर तेच परवडतं.

थर चांगला बसला की नाही हे कसं ओळखतात, तेही सांगतो, कारण त्यात आपल्या गच्चीचा संबंध आहे. सोन्याचा तो पत्रा फेरीसायनाइडच्या पाण्यात बुडवतात आणि वीज लावतात. थर अखंड असेल तर वीज जवळजवळ वाहतच नाही. पण कुठे एखादं सुईच्या टोकाहून लाखपट बारीक छिद्र राहिलं असेल तर तिथून इलेक्ट्रॉन पळतात आणि आलेखात लगेच दिसतं. बाकीचा सगळा थर कितीही सुंदर असो, निकाल त्या छिद्रावर लागतो. या गच्चीचं वॉटरप्रूफिंग आपण आजवर तीनदा करून घेतलं. तिन्ही वेळा काम छान दिसत होतं आणि तिन्ही वेळा पाचव्या मजल्यावरच्या एकाच कोपऱ्यात पाणी आलं. मी तेव्हा खजिनदार होतो, बिलं मीच दिली, त्यामुळे जास्त बोलत नाही.

आणि आता ज्याच्यावरून सर्वसाधारण सभेत दोन वर्षं वाद चाललाय, त्या खांबांबद्दल. गंज म्हणजेसुद्धा इलेक्ट्रॉनचीच देवाणघेवाण. लोखंड इलेक्ट्रॉन सोडतं, हवा आणि पाणी ते घेतात. सिमेंटच्या आत सळी वर्षानुवर्षं चांगली राहते, कारण सिमेंटच्या क्षारपणामुळे तिच्या अंगावर काही नॅनोमीटरचा ऑक्साईडचा पडदा धरतो आणि लोखंडाला गंजू देत नाही. हा थायॉलचा थर नव्हे, जात वेगळी, पण राखण करण्याचं काम तेच. आपल्याकडे समुद्राची खारी हवा. त्यातल्या मिठातला क्लोराईड भेगांतून आत झिरपतो, या पडद्याला ठिकठिकाणी भोक पाडतो, आणि मग गंज सुरू. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून आतून फुगून बाहेरचं काँक्रीट तडकतं. पार्किंगमधल्या दोन खांबांवर उभ्या भेगा आहेत आणि त्यांतून तांबूस ओघळ आलेत, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. काही जण म्हणतात, गिलावा करून रंग मारू. रंग मारल्याने आतलं भोक बुजत नाही. तिथलं काँक्रीट फोडून, सळी घासून, मगच लेप. खर्च किती हा वाद जरूर करू, तो खजिनदाराचा आवडता वाद आहे. पण स्ट्रक्चरल ऑडिट यंदाच व्हावं असं माझं मत आहे, आणि हे मी सभेबाहेर, दुधाच्या वासात बोलतोय म्हणून इतिवृत्तात घेऊ नये असं नाही.

परत माझ्या पट्टीवर येतो. त्या रात्रीनंतर आमच्या घरात दोन-तीन गोष्टी बदलल्या. मोरीपाशी साबणाशेजारीच ग्लुकोमीटरची डबी ठेवली आहे. हात धुवायचे, पुरते कोरडे करायचे, मगच टोचायचं, कारण ओल्या बोटाने रक्त पातळ होऊन आकडा उलट खाली येऊ शकतो. आकडा विचित्र आला तर हात पुन्हा धुऊन दुसऱ्या बोटावर पुन्हा तपासायचं, आणि तरीही विचित्र असेल तर डोस स्वतः न ठरवता डॉक्टरांना फोन. रविवार असला तरी. हे माझं नव्हे, आमच्या डॉक्टरांचं म्हणणं, तेही बरंच मोठ्या आवाजातलं. शिवाय पट्ट्यांची बाटली. तिच्या आत दमटपणा शोषणारा पदार्थ असतो आणि झाकण घट्ट लावायचं असतं. आपल्याकडे जुलै महिन्यात मीठ ओघळतं, पापड नरमतात, तिथे वाळवून बसवलेलं एन्झाईम काय टिकणार? माझे एक मित्र एकेक पट्टी काढून पाकिटात ठेवतात, मॉर्निंग वॉकला भाट्याच्या किनाऱ्यावर बसून तपासतात. त्यांचं नाव घेत नाही, ते दुसऱ्या रांगेत हसतायत.

त्या नर्सताईचं लग्न झालं, ती आता कोल्हापूरला आहे. जाताना तिने आमच्या सौ.ना एक कागद लिहून दिला होता, साखर कमी झाल्याची लक्षणं आणि काय करायचं ते. तो फ्रीजवर लावलेला आहे. स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर जागा असेल तर तो छापावा, असं मी समितीला सुचवलंय. जाहिरात मिळाली तर जाहिरात छापा, हरकत नाही, पण मग कागदाची एकेक झेरॉक्स प्रत घरोघर द्या. खर्च मी देतो.

आणखी एक. गेल्या वर्षीपासून सोसायटीच्या कार्यालयात सगळ्यांसाठी एक ग्लुकोमीटर ठेवलाय, ते फार चांगलं केलंत. काल मी सहज कपाट उघडून पाहिलं. पट्ट्यांच्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिलेली नाही आणि झाकण अर्धवट लागलेलं होतं. ती बाटली आता टाकून द्यावी लागेल. नवी आणली की पेनाने तारीख घालावी.

खालून खूण झाली, दूध झालं म्हणतात. दोन पातेली आहेत. ज्याच्या झाकणाला लाल दोरा बांधलाय ते बिनसाखरेचं. पोरांनो, रांगेत या, आणि आधी टाकीजवळच्या नळावर हात धुऊन या.